बिनचुन्याची बरणी

डॉक्टर विष्णुपंत साठये वाईट माणूस नव्हता, असं आमच्या हिंगणखडीत आजही दोन-चार जण म्हणतात. म्हणू देत. मी कुणाचं तोंड धरायला जात नाही. पण माझ्यासमोर कुणी म्हटलं तर त्याला चार शब्द ऐकवल्याशिवाय सोडतही नाही. माझं डोकं लवकर तापतं, हे खानापूर तालुक्यात फिरलेल्या प्रत्येक शाळा तपासनिसाला ठाऊक आहे. रसूल मास्तर म्हटलं की ते आधी बदलीचा विचार करतात आणि मग चहाचा.

नारू ज्यानं बघितला नाही, त्याला आधी नारू सांगायला पाहिजे. पायातनं निघणारा किडा तो. पांढरा, दोऱ्यासारखा, हातभर लांब. घोट्यापाशी फोड येतो, पायाची आग आग होते, फोड फुटतो आणि आतनं त्याचं टोक बाहेर येतं. मग ते टोक काडीला गुंडाळायचं आणि रोज थोडं थोडं ओढायचं. घाई केली आणि तुटला, की पाय सुजून खांब होतो आणि माणूस महिना-दोन महिने अंथरुणाला खिळतो. कुणाकुणाचा गुडघा कायमचा आखडतो. आमच्या गावात ऐन पेरणीला निम्मी माणसं अशी आडवी असायची. माझ्या उजव्या पायावर दोन व्रण आहेत. खातूनबीच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, डाव्या पायावर तीन. घरात एकटी जन्नत, आमची लेक, तेवढी पायानं निर्मळ होती. दहा वर्षांची. तिच्यासाठी खातूनबी दर उन्हाळ्यात पिराला नवस बोलायची आणि मी तिच्यावर ओरडायचो की नवसानं काय होतंय. ओरडायचो, आणि नवस फेडताना पिराच्या कबरीवर गलेफाची चादर चढवायलाही मीच असायचो, कारण पिराची मुजावरी, म्हणजे दर्ग्याची सेवा, आमच्याच घरात.

त्रेचाळीस सालच्या दिवाळीनंतर डॉक्टर आले. लढाई चालू होती आणि सातारा जिल्ह्यात त्या वेळी नुसती धामधूम. अनोळखी पँटवाला दिसला की लोक पोलिसाचा खबऱ्या समजायचे आणि दारं लावून घ्यायचे. भाऊसो पाटलांनी त्यांची मोटार वेशीवरच अडवली. मी मधे पडलो. कागद वाचले, डॉक्टरांशी बोललो, आणि पाटलांना म्हणालो, "भाऊसो, हे मुंबईचे संशोधक हायत. सांगलीला विश्रामबागेत बंगला घेऊन प्रयोगशाळा मांडलीय. नारू कशानं होतोय आणि कशानं जाईल, ते शोधायला आलेत. आत येऊ द्या." माझ्या शब्दावर गावानं त्यांना आत घेतलं.

डॉक्टर गोरे, सडपातळ, बोलायला लाघवी. त्यांच्याबरोबर क्षमाताई नावाच्या एक बाई होत्या. जीवशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या, पंचवीस-सव्वीसच्या, पदर खोचून कामाला लागणाऱ्या. डॉक्टर गावातले पाय तपासत हिंडायचे आणि क्षमाताई माझ्या शाळेत यायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या टेबलावरची छडी, दौत आणि घंटा उचलून खिडकीत ठेवली आणि तिथं सूक्ष्मदर्शक मांडला. पोरं त्याला दुर्बीण म्हणायची. शेवटपर्यंत दुर्बीणच म्हणाली.

खरं सांगायचं तर त्या बाईसारखं शिकवणारं माणूस मी आयुष्यात दुसरं बघितलं नाही. आमच्याकडं शास्त्र म्हणजे धड्याखालचे प्रश्न आणि पाठ केलेली उत्तरं. या बाईंनी पोरांना सांगितलं, "उद्या येताना पाणी आणा. मिळेल तिथलं, मिळेल त्यात." दुसऱ्या दिवशी शाळेत लोटे, करवंट्या, औषधाच्या बाटल्या, एकानं तर बापाचा दारूचा शिसा आणला. ओढ्याचं पाणी, रांजणाचं पाणी, म्हशी डुंबतात त्या डबक्याचं पाणी, आणि बारवेचं. बारव म्हणजे आमची पायऱ्यांची विहीर. सगळा गाव त्या पायऱ्या उतरून, घोटाभर पाण्यात उभा राहून घागरी भरायचा. क्षमाताईंनी प्रत्येक पोराला रबरी टोपीची काचनळी हातात दिली, थेंब काचेवर घालायला लावला, स्क्रू फिरवायला लावला. मी म्हटलं, "बाई, महागाची वस्तू, पोरं मोडतील." त्या म्हणाल्या, "मोडू देत मास्तर. हात न लावता काय शिकणार आहेत?"

बारवेच्या थेंबात पोरांना एक प्राणी दिसला. नुसत्या डोळ्यांना तो तिळाच्या कणाएवढा, उड्या मारत जाणारा. दुर्बिणीत बघितला तर नासपतीसारखा फुगीर, शेपटी दुभंगलेली, आणि डोक्यात मधोमध एकच डोळा. पोरांनी त्याचं नाव ठेवलं एकडोळ्या. क्षमाताईंनी मग सगळं उलगडून सांगितलं. नारू झालेला माणूस बारवेत पाय घालतो, नारू आपली हजारो पिल्लं पाण्यात सोडतो, एकडोळ्या ती पिल्लं खातो, आणि आपण पाण्याबरोबर एकडोळ्या पितो. वर्षभरानं आपल्या पायाला फोड येतो. सांगलीहून आणलेली एक काच त्यांनी दाखवली, तिच्यात एकडोळ्याच्या पोटात वेटोळं घातलेलं पिल्लू होतं. भैरोबाची गुरवीण सुलाबाई शाळेच्या दारात उभी राहून ऐकत होती. तिलाही त्यांनी बोलावून बघायला लावलं. म्हातारीनं डोळा लावला, बाजूला झाली आणि पदरानं तोंड पुसलं. "ह्ये जल्मभर पितोय आमी," एवढंच म्हणाली.

आणि मग क्षमाताईंनी दोन बरण्यांचा प्रयोग केला. दोन सारख्या काचेच्या बरण्या, दोन्हीत बारवेचं पाणी, दोन्हीत एकडोळे. एका बरणीत चिमूटभर चुनकळी टाकली. दुसरी तशीच ठेवली. सकाळी बघितलं तर चुन्याच्या बरणीत सगळे मेलेले, तळाशी पांढरी भुकटी. दुसरीत मजेत उड्या चाललेल्या. पोरं नाचायला लागली. माझी जन्नत उठून म्हणाली, "ताई, आता त्या बरणीत पण टाकू या चुना."

"नाही टाकायचा," क्षमाताई म्हणाल्या. "दोन्हीत टाकला तर चुन्यानंच मेले हे कशावरून? थंडीनं मेले असतील, भुकेनं मेले असतील. एक बरणी जशीच्या तशी ठेवायची. तिला हात लावायचा नाही. तिच्याकडं बघून पहिलीचं कळतं." त्यांनी हे पोरांकडनं तीन-तीनदा म्हणून घेतलं. जन्नत घरी आली ती हेच बडबडत. भाकरी खाताना खातूनबीला म्हणाली, "अम्मी, एका भाकरीला मीठ घाल, एकीला नको घालूस, मंग बगू." खातूनबीनं तिला लाटण्यानं मारायचं तेवढं बाकी ठेवलं.

माघात कळलं की शेजारच्या पळसमाळच्या बारवेत डॉक्टरांनी चुना टाकला. गाड्याच्या गाड्या चुनकळी आली म्हणे. आम्हाला आनंद झाला. पळसमाळ झालं, आता आपली पाळी. मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "लढाईमुळं रेल्वेच्या वॅगन मिळत नाहीत, मास्तर. जरा थांबा." थांबलो. खातूनबीनं एकदा क्षमाताईंना विचारलं, "तंवर पाणी गाळून प्यावं का? दुपदरी फडक्यानं?" साधा प्रश्न. क्षमाताईंनी डॉक्टरांकडं बघितलं, आणि डॉक्टर म्हणाले, "सध्या जसं चाललंय तसंच चालू द्या, काही बदल करू नका." खातूनबी मला घरी म्हणाली, "माज्या रांजणाचं ह्यो कोन सांगनार?" आणि तिनं धोतराचं फडकं दुहेरी करून घागरीवर बांधलं. पण फडकं बांधणार ते घरातल्या घागरीला. दहा वर्षांची पोर दिवसभर मैत्रिणींबरोबर उंडारते, तहान लागली की बारवेच्या पायऱ्या उतरते आणि ओंजळीनं पिते. तिच्या ओंजळीला कोण फडकं बांधणार?

शिमगा झाला. उन्हं तापली, बारवेचं पाणी खाली गेलं, आणि गावात त्या सालचा पहिला नारू फुटला. मग दुसरा. माणसं सुजल्या पायांनी बारवेच्या पाण्यात उभी राहून घागरी भरत होती, कारण गार पाण्यात पाय घातला की आग थांबते. मी विचारीन तेव्हा डॉक्टर म्हणत, वॅगन नाहीत.

रंगपंचमीनंतर क्षमाताईंनी शाळेच्या वरच्या वर्गाला प्रयोगशाळा बघायला बोलावलं. बाराजण होते, जन्नत त्यात. कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या सर्व्हिस मोटारीनं आम्ही निघालो. ती मोटार चढ आला की हाशहुश करून थांबायची, मग सगळ्यांनी उतरून ढकलायची. माधवनगरच्या गिरणीची चिमणी दिसली तेव्हा पोरांची तोंडं काजळीनं काळी झाली होती आणि आनंदानं फुलली होती. विश्रामबागेत बंगल्यावर क्षमाताईंनी सगळ्यांना हातपाय धुवायला लावले, गूळ-शेंगा दिल्या आणि आत नेलं.

आत काय काय होतं. बेडूक, विंचू, सापाची पिल्लं औषधात ठेवलेली. सहा दुर्बिणी ओळीनं. आणि खिडकीपाशी एका फळीवर दोन मोठ्या काचेच्या बरण्या. एकीवर चिठ्ठी होती, पळसमाळ. दुसरीवर, हिंगणखडी. आपल्या गावाचं नाव सांगलीत काचेवर लावलेलं बघून पोरांना कोण आनंद झाला. धावली सगळी. पळसमाळच्या पाण्यात काहीच नव्हतं, स्वच्छ. आमच्यात एकडोळे उड्या मारत होते.

जन्नत बरण्यांकडं बघत राहिली. एकीकडं, मग दुसरीकडं. मग तिचा चेहरा एकदम उजळला. शाळेत अवघड गणित सुटलं की तिचा चेहरा तसा व्हायचा. तिनं हात वर केला, वर्गात करतात तसा.

"ताई, मला कळलं. चुना मिळत न्हाई असं न्हाईच. दोनीकडं टाकला असता तर चुन्यानं झालं का कशानं, ते समजलंच नसतं. म्हनून आमच्यात टाकला न्हाई. आमी बिनचुन्याची बरणी हाय. व्हय न्हवं?"

"शाब्बास," क्षमाताई म्हणाल्या.

सवयीनं म्हणाल्या. पोरानं बरोबर उत्तर दिलं की त्या शाब्बास म्हणायच्याच. शब्द बाहेर पडला आणि मग त्यांनी तोंडावर हात ठेवला. जन्नत हसत उभी होती. बाकीच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

मला आधी नीट समजलंच नाही. मग समजलं आणि माझ्या कानात कढत पाणी ओतल्यासारखं झालं. मी पोरांना बाहेर झाडाखाली बसायला लावलं आणि डॉक्टरांच्या खोलीत गेलो. दार वाजवलं नाही.

"डॉक्टरसाहेब, माझी पोर काय म्हणते ते खरं का?"

ते खोटं बोलले नाहीत, हे मी कबूल करतो. त्यांनी मला खुर्ची दिली. मी बसलो नाही. ते शांतपणे सांगत गेले. सरकारला पुरावा लागतो. एका गावात चुना टाकून नारू गेला म्हटलं तर सरकार म्हणणार, पाऊस कमी झाला असेल, म्हणून गेला. शेजारचं तसंच गाव, तशीच बारव, तशीच माणसं, आणि तिथं काही केलं नाही, आणि तिथं नारू राहिला, असं दाखवलं की मग कुणाचं तोंड उघडणार नाही. मग हजारो गावांना चुना मिळेल. फक्त दोन उन्हाळे. "हजारो गावं, मास्तर," ते पुन्हा म्हणाले. "तुम्ही शिकलेले आहात. तुम्हाला हे पटायला हवं."

"आणि वॅगन?"

ते टेबलावरचा रूळ सरळ करत बसले.

"गावाला विचारलं होतं का तुम्ही? चावडीवर बसून एकदा तरी म्हणाला होता का, की बाबांनो, शेजारी औषध देतो, तुम्हाला देत नाही, चालेल का?"

"विचारलं असतं तर तुम्ही पाणी गाळलं असतं," ते म्हणाले. "मग तुलना राहिली नसती."

माझ्या तोंडातनं तेव्हा जे शब्द गेले ते मास्तरानं बोलायचे नव्हेत. बाहेर पोरांनी ऐकले. बरं झालं ऐकले. मी म्हणालो, माझ्या शब्दावर गावानं तुला वेशीच्या आत घेतलं, आणि तू माझ्या गावाला बरणीत घातलंस. हो, अरेतुरे केलं. क्षमाताई दारात उभ्या होत्या. मी त्यांना म्हणालो, "आणि तुम्ही. तुम्ही त्या पोरांच्या हातात हात घालून हे सगळं शिकवलंत." त्या रडत होत्या. रडणाऱ्या माणसाची मला कीव येते, पण त्या दिवशी आली नाही.

परतीच्या मोटारीत जन्नत माझ्याजवळ बसली. मग म्हणाली, "अब्बा, माजं उत्तर चुकलं व्हय?"

"नाही बाळा. बरोबर होतं."

"मंग तुमी का चिडला?"

मी तिला जवळ घेतलं.

चैत्रात आमच्याकडं भैरोबाची जत्रा आणि पिराचा उरूस पाठोपाठ येतात. त्याआधी घरटी चुनकळी गोळा होते, देऊळ आणि दर्गा रंगवायला. निम्मी देवाची, निम्मी पिराची. बापजाद्यांपासनं तशी रीत. त्या वर्षी चार पोती जमली होती आणि चावडीत ठेवली होती. मी गाव बोलावला. पोरांनी चावडीवर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत दोन बरण्या मांडल्या, चुना टाकला आणि रात्रभर चावडीला कुलूप घातलं. सकाळी पाटलांनी स्वतः कुलूप काढलं. मेलेले एकडोळे सगळ्यांनी बघितले. मग मी सांगितलं की पळसमाळला कसा चुना पडला आणि आपल्याला का नाही. लोक एकमेकांच्या पायांकडं बघत होते.

"हा चुना बारवेत टाकायचा," मी म्हणालो.

भाऊसो पाटील मिशीवरनं हात फिरवत राहिले. "मास्तर, देवाच्या नावानं गोळा केलेला चुना हाय. त्यो पाण्यात घालायचा? आन सरकारी मानूस नाराज झाला तर? उद्या काय व्हायचं ते आमालाच निस्तरावं लागंल."

"पिराच्या वाटणीची दोन पोती मी देतो. मुजावरी माझ्या घरात हाय, पीर माझ्यावर रागावंल, तुमच्यावर न्हाई."

तरी पाटील हलेनात. तेव्हा सुलाबाई मागनं पुढं आली. तिचा एक गुडघा नारूनं आखडलेला, काठी टेकत आली. "आवं भाऊसो, भैरोबाची गुरवीण मी हाय न्हवं का? मी सांगते, द्या. देव यंदा बिनचुन्याचा ऱ्हाईल. त्याला कुटं नारू हुतोय?"

पाटलांनी मान डोलावली. पोरांनी दोरी आणि काठ्या घेऊन बारवेचं पाणी मोजलं, खोली किती, रुंदी किती, आणि घागरीला किती चुना लागेल त्याचा हिशेब जन्नतनं पाटीवर मांडला. चुकला होता, मी सुधारला. पोती फोडली. पाणी उकळल्यासारखं फसफसलं, वाफ आली, चुन्याचा उग्र वास आला. तीन दिवस गाव ओढ्यातल्या झऱ्याचं पाणी प्याला आणि कुणी कुरकुर केली नाही. चौथ्या दिवशी बारवेचं पाणी आम्ही क्षमाताईंनी मागे शाळेला दिलेल्या भिंगाखाली बघितलं. एकही एकडोळ्या जिवंत नव्हता. त्या साली भैरोबाचं देऊळ आणि आमचा दर्गा दोन्ही काळेकुळकुळीत राहिले, आणि जत्रेला आलेले परगावचे पाहुणे नावं ठेवून गेले.

डॉक्टर आठवड्यातच आले. बारवेतनं त्यांनी पाण्याची बाटली भरली, उन्हात धरून बघितली, आणि शाळेत आले. वर्ग भरलेला होता. मला म्हणाले, "तुम्हाला कल्पना तरी आहे का, काय केलंत? दोन वर्षांचं आखलेलं काम मातीत घातलंत. याचा परिणाम किती गावांवर होणार, माहीत आहे? मी स्कूल बोर्डाकडं तक्रार करणार आहे."

"करा," मी म्हणालो. "पण आधी या पोरांना सांगा, की यांच्यापैकी कुणाकुणाला तुम्ही तसंच ठेवणार होता. बोट दाखवून सांगा."

त्यांनी वर्गाकडं बघितलंसुद्धा नाही. गेले. तक्रार मात्र केली. माझी बदली फलटणकडं लागली, ती पाटलांनी साताऱ्याला खेटे घालून रद्द करून आणली. त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे आणि ते मला ते विसरू देत नाहीत.

एक वर्ष गेलं. पुढचा उन्हाळा आला. पळसमाळला नारू जवळजवळ नव्हताच. आमच्याकडंही पूर्वीसारखा नव्हता, पण होता. शिमग्यापासनं चुना पडेपर्यंत जे बारवेचं पाणी प्याले, त्यांच्यातले काही जण. वैशाखातल्या एका दुपारी जन्नत शाळेतनं लंगडत आली. घोट्यावर फोड होता. खातूनबीनं तो बघितला आणि भिंतीला टेकून खाली बसली. मी घराबाहेर गेलो आणि कुंपणाचा एक खांब उपटून काढला. का उपटला, मला ठाऊक नाही.

फोड फुटला त्याच्या दुसऱ्या दिवशी क्षमाताई आल्या. एकट्याच, सर्व्हिस मोटारीनं, हातात एक पेटी. मी दारात उभा होतो. मी बाजूला झालो नाही. खातूनबी आतनं म्हणाली, "आवं, येऊ द्या त्यास्नी. पोरगी वरडतीय." तेव्हा मी बाजूला झालो.

त्या पोरीच्या पायाशी बसल्या. जखम धुतली, टोक काडीला बांधलं. हात सफाईदार होते. मी उभ्या उभ्या विचारलं, "हे त्या महिन्याभरातलंच ना? तुम्ही वॅगन नाही म्हणून सांगत होता त्यातलं?"

"असेल," त्या म्हणाल्या. "आधीचंही असू शकेल. नक्की सांगता येत नाही, मास्तर."

"डॉक्टर मोजायला नाही आले?"

"मी त्यांचं काम सोडलं." त्यांनी मान वर केली नाही. "आणि ते येणारही नाहीत. हिंगणखडी आता अहवालात नाही. मधेच चुना पडला, म्हणून गाव वगळलं. त्यांनी दुसरं गाव घेतलंय."

"दुसरं बिनचुन्याचं?"

त्यांनी होकारार्थी मान हलवली.

मला वाटलं होतं माझा राग वर्षभरात निवला असेल. नव्हता निवला. मी म्हणालो, "म्हणजे हिला तुमच्या हिशेबासाठी ते पाणी पाजलं, आणि आता हिचा पाय त्या हिशेबातसुद्धा नाही? मग कुठं आहे? कुठल्या कागदावर आहे हिचा पाय?"

"कुठंच नाही," क्षमाताई म्हणाल्या.

जन्नत आईच्या पदराचा बोळा दातांत धरून पडली होती. तिनं तो काढला आणि आमच्या दोघांकडं बघितलं.

"माजा पाय हितं हाय की," ती म्हणाली. "हळू वडा."

मी खाली बसलो आणि तिचा पाय दोन्ही हातांनी धरला. क्षमाताईंनी काडीला एक वळसा दिला, थांबल्या, आणि मग दुसरा दिला.